बिघडलेलं यंत्र, चालती गोष्ट

लंडन. शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९६३. रात्रीचे आठ वाजून गेलेत आणि तुम्ही शेफर्ड्स बुश भागातल्या लाइम ग्रोव्ह नावाच्या रस्त्यावर उभे आहात. एकाला एक चिकटलेली घरं, आणि त्यांच्या रांगेत न शोभणारी एक अवाढव्य इमारत. मुळात हा सिनेमाचा स्टुडिओ. १९४९ मध्ये तो बीबीसीने विकत घेतला. आत चला. या प्रवासाचा नियम आधीच सांगून ठेवतो: तुम्हाला सगळं बघता येईल, ऐकता येईल, पण कशाला हात लावता येणार नाही आणि कुणाला काही सांगता येणार नाही. नियम जाचक वाटेल. तो कशासाठी आहे, हे वाटेत कळेल.

स्टुडिओ डी. इथे 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या नव्या मालिकेचा पहिला भाग चित्रित होतोय. आत शिरताच दिव्यांची धग अंगावर येते. जमिनीवर जाडजूड केबल पसरल्यात, त्यांच्यातून वाट काढत अवजड कॅमेरे सरकतायत. एका कोपऱ्यात शाळेचा वर्ग, दुसऱ्यात भंगाराचं आवार, आणि त्या भंगारात उभी एक पोलिस-पेटी. हिच्यात टेलिफोन असतो. रस्त्यावरून पोलिसांना बोलवायचं तर त्याचा उपयोग. लंडनकरांना ही पेटी रोजच्या पाहण्यातली. लेखक अँथनी कोबर्न यांना फिरायला गेले असताना अशीच एक पेटी दिसली आणि आपलं काळयंत्र बाहेरून असं दिसेल, हे त्यांनी ठरवून टाकलं. आता तिच्या मागे जाऊन पाहा. मागे काहीच नाही. यंत्राचं 'आत' स्टुडिओच्या दुसऱ्या भागात उभं केलंय: मधोमध सहा बाजूंचं नियंत्रण-मेज, त्यातून वर आलेला काचेचा खांब, भिंतींवर गोल गोल खळगे. बाहेरून पेटी आणि आतून दालन ही कल्पना पडद्यावर थक्क करते. स्टुडिओत तुम्हाला दिसतात ते फक्त दोन वेगळे सेट आणि त्यांच्यामध्ये धावणारे नट.

हाच भाग तीन आठवड्यांपूर्वी, २७ सप्टेंबरला, एकदा चित्रित झाला होता. यंत्राची दारं नीट मिटेनात, आणि नाटक विभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना मालिकेचा नायक, म्हातारा डॉक्टर, फारच खाष्ट वाटला. त्यांनी सगळं पुन्हा करायला लावलं. म्हणून आज दुसरा प्रयत्न. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांची आहे. बीबीसीच्या नाटक विभागातली सगळ्यांत तरुण निर्माती, आणि तिथली एकमेव स्त्री-निर्माती. वरच्या नियंत्रण-कक्षात बसलेला दिग्दर्शक वारिस हुसेन तिच्याहून लहान, चोवीस वर्षांचा. जन्म लखनौचा, १९३८ चा. १९४६ मध्ये इंग्लंडला आलेला. आई अतिया हुसेन कादंबरीकार. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

सुमारे सव्वा तासात पंचवीस मिनिटांचा भाग उरकायचा आहे. चित्रफीत कापून जोडणं महागाचं आणि कटकटीचं, त्यामुळे नाटकासारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ सलग चित्रित करायचं. कुणी वाक्य चुकलं तर चुकलं. काळात हवं तिथं जाणाऱ्या यंत्राची गोष्ट सांगणाऱ्या या माणसांना स्वतःच्या वेळात एक मिनिट मागे जाण्याची सोय नाही.

तुमच्यासमोर कथा उलगडते. कोल हिल शाळेतली सुझन नावाची मुलगी शिक्षकांना कोड्यात टाकते. फ्रेंच राज्यक्रांतीचं पुस्तक चाळताना तिला त्यात चूक सापडते. इंग्लंडच्या पैशांबद्दल विचारलं तर ती दशमान पद्धत गृहीत धरते आणि मग ओशाळते: ती अजून यायची आहे. वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे की ब्रिटन १५ फेब्रुवारी १९७१ ला खरोखरच दशमान नाणी स्वीकारणार आहे. शिवाय भारतात 'नया पैसा' १ एप्रिल १९५७ पासून चालतोय, म्हणजे या मुलीचं भविष्य तुमच्या घरी सहा वर्षांपूर्वीच आलंय. कालप्रवासाची गोष्ट कशी रचतात, याचा हा पहिला धडा. अंतराळयान नको, स्फोट नको. एका माणसाला इतरांपेक्षा थोडं जास्त माहीत असलं की काळाला भेग पडते.

मग दोघं शिक्षक सुझनच्या मागोमाग पेटीत घुसतात, आणि त्यांनी बाहेर जाऊन बभ्रा करू नये म्हणून डॉक्टर यंत्र सुरू करतो. डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल बटणं दाबतायत, खांब वरखाली होतोय. कुठे चाललोय? डॉक्टरला माहीत नाही. यंत्र त्याच्या ताब्यात नाही आणि पुढची कित्येक वर्षं येणार नाही.

इथे जरा थांबा. साऱ्या मालिकेची मेख या खोलीत आहे. यंत्र नीट चालत असतं, तर शिक्षक दुसऱ्या भागात घरी पोचले असते आणि मालिका संपली असती. ते बिघडलेलं आहे म्हणून दर काही आठवड्यांनी नवं युग, नवा ग्रह, नवी कथा. पेटीचं रूप परिसराप्रमाणे बदलायला हवं होतं. तेही बिघडलं, कारण प्रत्येक कथेला नवं यंत्र बांधायला पैसे नव्हते. सोय म्हणून घेतलेला बिघाड पुढे मालिकेची ओळख झाला. काळयंत्र लेखकाच्या उपयोगाचं ठरतं ते त्याला काय जमत नाही यावर. तुम्ही ज्या ज्या वर्षी उतराल तिथे एकच गोष्ट बघा: इथे यंत्राचं काय बिघडलंय?

आता त्याच वर्षी थोडं मागे, मेडा व्हेल. इथे बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप आहे, १९५८ साली सुरू झालेलं. सिंथेसायझर नावाची सोय अजून हाताशी नाही. डेलिया डर्बीशायर यांच्यासमोर रॉन ग्रेनर यांनी लिहिलेली सुरावट आहे. त्या एकेक स्वर ध्वनिफितीवर घेतायत, फितीचा वेग बदलून त्याला चढवतायत-उतरवतायत, मग फीत ब्लेडने कापून तुकडा तुकडा जोडतायत. स्वर किती वेळ टिकणार, हे फितीच्या लांबीवर ठरतं. इथे काळ इंचांत मोजला जातो आणि चिकटपट्टीने सांधला जातो. दुसरीकडे ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारांवर घराच्या दाराची किल्ली घासलीय. त्या खरखरीतून यंत्राच्या उड्डाणाचा आवाज तयार झालाय. शीर्षकासाठी कॅमेरा त्याचंच चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर रोखतात. कॅमेरा स्वतःलाच बघत राहतो आणि पडद्यावर धुराचे ढग फिरू लागतात. एरवी हा दोष म्हणून टाळला असता. डेलियाबाईंचं नाव मात्र पडद्यावर येणार नाही, कारण वर्कशॉपच्या माणसांना श्रेय द्यायची रीत नाही. ते नाव श्रेयावलीत यायला २०१३ उजाडेल.

शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३. सव्वापाच वाजून गेलेत. एका साध्या इंग्रजी घराच्या बैठकीत तुम्ही मागच्या बाजूला उभे आहात. दुपारभर खेळांचा कार्यक्रम चालला होता, नंतर पॉप गाण्यांचा लागेल. मधल्या फटीत मुलांना आणि मोठ्यांना दोघांनाही धरून ठेवेल असं काहीतरी हवं, एवढ्याच गरजेतून न्यूमन यांनी ही मालिका आखली होती. शिक्षक दोन का? एक विज्ञानाचा, एक इतिहासाची. मुलांना चार गोष्टी कळाव्यात म्हणून. पण आज घरात कुणाचं मन थाऱ्यावर नाही. काल संध्याकाळी डॅलसमध्ये केनेडींचा खून झालाय. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग सुमारे ४४ लाख लोक बघतात. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला जातो. काल घडलेलं बदलता आलं असतं तर, हा विचार त्या संध्याकाळी किती घरांत येऊन गेला असेल. नेमक्या त्याच संध्याकाळी पडद्यावर काळयंत्र येतं, आणि ते कुणालाच हवं तिथे नेत नाही.

१९६४ चा मे महिना. मालिकेतल्या चार भागांच्या 'द ॲझटेक्स' या कथेत इतिहासाची शिक्षिका बार्बरा मेक्सिकोत पोचते. लोक तिला अवतारी पुजारी समजतात. आता अधिकार तिच्या हातात आहे. नरबळी थांबवला तर पुढे येणारे स्पॅनिश या संस्कृतीला रानटी म्हणून पुसून टाकणार नाहीत, असा तिचा हिशेब. डॉक्टर तिला बजावतो की इतिहास बदलायचा नाही. ती ऐकत नाही, झगडते आणि हरते. पटकथाकार जॉन ल्युकरॉटी यांनी इथे यंत्रावर दुसरा बांध घातला: जाता येईल, बदलता येणार नाही. दर्शक हरणारी बाजू बघत बसतो ती बार्बराच्या जिद्दीसाठी. तिच्या बोलण्याने ज्या एका पुजाऱ्याची श्रद्धा हलते, तो शहर सोडून एकटाच निघून जातो. इतिहास जसाच्या तसा राहतो, एक माणूस मात्र बदलतो. कथेला एवढं पुरतं.

तुम्ही मराठी आहात, त्यामुळे या क्षणी तुमच्या मनात मेक्सिको नाही, पानिपत आहे. गंमत अशी की बार्बरा पडद्यावर हरत असताना, वारिस हुसेन यांच्याच वयाचा, १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला एक गणिती केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडतोय. या हॉयल यांनीच १९६१ मध्ये जॉन एलियट यांच्या जोडीने बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमिडा' ही विज्ञानमालिका लिहिली होती. त्यांचा तो शिष्य, जयंत नारळीकर, पुढे 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहील. त्यात १७६१ ची ती गोळी विश्वासरावांना चुकवून जाते आणि वेगळाच हिंदुस्थान उभा राहतो. पण त्या कथेतल्या प्राध्यापक गंगाधरपंतांनाही त्या दुसऱ्या इतिहासात मुक्काम ठोकता येत नाही. परत यावं लागतं. बांध तिथेही आहे.

८ ऑक्टोबर १९६६, हॅमरस्मिथचा रिव्हरसाइड स्टुडिओ. या वेळी बिघाड यंत्रात नाही, माणसात आहे. हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. संवाद लक्षात राहत नाहीत. नायक थकला की मालिका गुंडाळायची, ही रीत. इथे ठरतं की डॉक्टरचं शरीर झिजलं तर तो नव्या शरीरात जागा होईल. म्हातारा डॉक्टर जमिनीवर कोसळतो. नवा डॉक्टर होणारे पॅट्रिक ट्राउटन शेजारी झोपलेत. एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा उमटायला हवा. चित्रमिश्रण करणाऱ्या शर्ली कॉवर्ड यांच्या ध्यानात येतं की एका मिक्सिंग डेस्कमध्ये दोष आहे आणि त्यामुळे चित्र पांढरंफटक होऊन फुटतं. त्या दोषाचाच त्या उपयोग करतात. प्रकाश भडकतो, चेहरा विरघळतो, दुसरा तयार होतो. आज साठ वर्षांनंतरही ही मालिका नवनव्या नटांवर उभी राहते, ती एका आजारी माणसाच्या आणि एका नादुरुस्त डेस्कच्या आधाराने.

२९ ऑक्टोबरला तो भाग दाखवला गेला. आज मात्र तो अस्तित्वात नाही. चित्रफिती महाग, पुन्हा वापरता येणाऱ्या. जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायचे करारही मर्यादित. म्हणून बीबीसीने १९७८ पर्यंत सुरुवातीच्या वर्षांचे कितीतरी भाग पुसले किंवा नष्ट केले. चेहरा बदलण्याचा तो प्रसंग वाचला, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात त्याचा तुकडा दाखवला होता. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण घरोघरी काही मुलं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसली होती. चित्रं परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रतींमधून अधूनमधून सापडतात. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जगासमोर आले. त्या टेपरेकॉर्डरवाल्या मुलांना आपण काय करतोय याची कल्पना नव्हती. भविष्यासाठी भूतकाळ जपून ठेवायचं काम त्यांनी केलं, तेही कोणत्याच काळयंत्राला न जमलेलं.

आता समुद्र ओलांडा. कॅलिफोर्नियातलं कल्व्हर सिटी, फेब्रुवारी १९६७. 'स्टार ट्रेक'च्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या भागाचं चित्रीकरण चाललंय. कॅप्टन कर्क आणि स्पॉक न्यूयॉर्कच्या १९३० च्या रस्त्यावरून चालतायत, पण हा रस्ता एका विनोदी मालिकेच्या गावाचा सेट आहे. नीट पाहिलंत तर त्या गावच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटीही दिसेल. भविष्य दाखवायला सगळं नव्याने बांधावं लागतं. भूतकाळ मात्र आयता सेटवर उभा असतो, म्हणून दूरचित्रवाणीवरचे अवकाशवीर इतक्या वेळा मागे जातात. खर्चाची ही चलाखी मग जिव्हारी लागणारी कथा होते. एडिथ कीलर गरिबांसाठी अन्नछत्र चालवते, शांततेची बाजू मांडते. ती जगली तर तिच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. म्हणून तिला मरायला हवं. कर्क तिच्या प्रेमात पडलाय. गाडी येते, तिला वाचवायला धावणाऱ्या डॉक्टर मॅककॉयला तो स्वतः घट्ट धरून ठेवतो. हार्लन एलिसन यांची ही पटकथा ६ एप्रिलला घराघरांत पोचते, व्हिएतनामचं युद्ध चालू असताना. योग्य माणूस चुकीच्या वेळी योग्यच बोलतो आणि त्याची किंमत जगाला पडते, हे ऐकताना त्या वर्षीच्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल याचा विचार करा. कर्कसमोरचं यंत्र उत्तम चालतं. अडलंय ते त्याचं मन.

चाळीस वर्षं पुढे, वेल्स. २००७ मध्ये 'डॉक्टर हू'ला पुन्हा एक अडचण आहे: वर्षाला चौदा भाग करायचे आणि मुख्य नटांच्या तारखा त्यांना पुरत नाहीत. म्हणून एक भाग असा हवा, ज्यात डॉक्टर फारसा दिसणारच नाही. स्टीव्हन मोफॅट 'ब्लिंक' लिहितात; ९ जूनला तो प्रक्षेपित होतो. पडक्या वाड्यात सॅली स्पॅरो झालेली कॅरी मलिगन उभी आहे, समोर दगडी देवदूत. त्यांच्याकडे कुणी पाहत असलं की ते दगड असतात. पापणी मिटली की झेपावतात. मारत नाहीत, भूतकाळात फेकतात आणि तुम्ही न जगलेले दिवस खातात. तुमच्या हे लक्षात येईल की पडद्यावर ते कधीच हलताना दिसत नाहीत, कारण तुम्हीही त्यांना बघताय. डॉक्टर यंत्राविना १९६९ मध्ये अडकलाय आणि तिथून डीव्हीडीवरच्या लपवलेल्या चित्रणातून बोलतोय. या भागाचं काळीज मात्र पोलिस बिली शिप्टनमध्ये आहे. सॅलीला तो भेटतो, तिचा फोन नंबर घेतो, आणि काही मिनिटांत १९६९ मध्ये जाऊन पडतो. निरोप पोचवायला त्याला एकच वाहन मिळतं: अडतीस वर्षं, एकेक दिवस करत. सॅलीच्या लेखी भेट त्याच दिवशीची. त्याच्या लेखी आयुष्य सरलंय आणि तो रुग्णालयाच्या खाटेवर आहे. मागे फेकणारी शक्ती आहे, पण परतीचं तिकीट नाही.

११ नोव्हेंबर २०१८. हा मुक्काम तुमच्या घराजवळचा आहे, जरी पडद्यावर दिसणारा पंजाब स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या आसपास चित्रित केलेला असला तरी. विनय पटेल यांनी लिहिलेल्या 'डॉक्टर हू'च्या 'डिमन्स ऑफ द पंजाब' या भागात डॉक्टरची सहप्रवासी यास्मिन खान आपल्या आजीचं तारुण्य पाहायला ऑगस्ट १९४७ मध्ये जाते. आजी उंब्रीन मुसलमान, तिचा नियोजित वर प्रेम हिंदू. लग्न फाळणीची रॅडक्लिफ रेघ जाहीर होण्याच्या सुमाराचं. प्रेम हे आजोबांचं नाव नाही, हे यास्मिनला कळून चुकतं. प्रेमला वाचवलं तर ती स्वतः जन्मालाच येणार नाही. ज्यांना डॉक्टर (नव्या शरीरात ती आता बाई आहे) मारेकरी समजते, ते परग्रहवासी खरं तर एकटे मरणाऱ्यांच्या शेजारी उभे राहायला आलेले असतात. कुणाची नोंद कुठेच होणार नाही, त्याच्या मृत्यूला ते साक्ष राहतात. प्रेमवर बंदुका रोखल्या जातात, त्या जमावात त्याचा धाकटा भाऊ आहे. डॉक्टर आणि तिची माणसं पाठ फिरवून चालू लागतात. यास्मिनच्या हाती आजीने दिलेलं बंद पडलेलं घड्याळ आहे, कधीही दुरुस्त करायचं नाही अशी ताकीद देऊन दिलेलं.

आता ते नाव आठवा. मालिकेचा पहिला भाग दिग्दर्शित करणारा मुलगा लखनौचा होता; त्याच्या आईने, अतिया हुसेन यांनी, १९६१ च्या 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' या कादंबरीत फाळणीने दुभंगलेलं लखनौचं घराणं रंगवलं होतं. ही मालिका जन्मापासून फाळणीच्या इतक्या जवळ होती, तरी तिथे उतरायला तिला पंचावन्न वर्षं लागली. पहिल्या भागातलं यंत्र हवं तिथे जात नव्हतं. या भागात ते नेमकं पोचतं आणि बघत राहण्यापलीकडे कुणाला काही करता येत नाही. आता कळलं असेल, तुमच्यावर सुरुवातीला तो नियम का घातला. काल घडून गेलेल्या अन्यायासमोर आपण सगळेच असे उभे असतो. कालकथा आपली ही असहायता उसनी घेते आणि तिला काम देते: निदान साक्षी व्हा.

शेवटचा मुक्काम तुमचं स्वतःचं घर, २७ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. नेटफ्लिक्सवर 'डार्क' या जर्मन मालिकेचा शेवटचा हंगाम आलाय, आणि तोही कथेतला जगबुडीचा दिवस साधून. बारान बो ओडार आणि यान्ट्ये फ्रीझं यांच्या विंडेन गावात काळ तेहतीस वर्षांच्या गाठी मारत फिरतो: १९५३, १९८६, २०१९. शार्लोट आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आईही आहेत आणि मुलीही. तुम्ही चित्र थांबवता, दहा सेकंद मागे जाता, कागदावर वंशावळ काढता. १९६३ च्या त्या बैठकीतल्या माणसाला यातलं काहीच शक्य नव्हतं. चुकलेला भाग त्याच्यासाठी एरवी कायमचा गेलेला होता. आज मागे-पुढे नेणारं यंत्र प्रेक्षकाच्या हातात आहे, म्हणून लेखकाने बिघाड दुसरीकडे हलवला. विंडेनचे लोक हवं त्या वर्षी जाऊ शकतात, पुढे काय होणार हे जाणतात, आणि तरीही ठरलेलं तेच करतात, कारण त्यांना जे हवंय ते बदलत नाही. पोलिस-पेटीतला दोष सत्तावन्न वर्षांत माणसाच्या इच्छेपर्यंत पोचला आहे. यापुढे कुणी बिनचूक काळयंत्राची मालिका घेऊन आलं, तर पहिल्या भागातच तिचा कंटाळा येईल, हे तुम्ही आता स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकता.